बाजारातल्या जुन्या दुकानांचा इतिहास कसा नोंदवावा: गोव्यातील एका रस्त्यापासून सुरुवात

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को आणि फोंडा या गोव्याच्या शहरांत गेल्या शतकाच्या मध्यावर जी दुकाने, खानावळी, छापखाने, औषधालये आणि सिनेमागृहे गजबजलेली होती, त्यांतली मोजकीच आज चालू आहेत. काही नावापुरती उरली आहेत, तर पुष्कळांच्या जागी नवे गाळे उभे राहिले आहेत. राजवटीचा, लढ्याचा आणि देवस्थानांचा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेला. पण भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली त्या वर्षांत मडगावच्या बाजारात कापड कोण विकत होते, उधारी कशी चालत होती आणि शुक्रवारी म्हापशाला आलेला शेतकरी जेवायला कुठे बसत होता, हे सांगणारा मजकूर शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला त्या दिवशी, जो मुलगा दहा वर्षांचा होता आणि शाळा सुटल्यावर वडिलांच्या गल्ल्याशेजारी बसत होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून हे काम ज्याला करायचे असेल, त्याने ते याच वर्षी हाती घ्यावे. ते पद्धतशीरपणे कसे करता येईल, याची मांडणी पुढे केली आहे.

पहिली पायरी: दुकान नव्हे, रस्ता निवडावा

बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध दुकानापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. पणजीचे कॅफे भोसले किंवा कॅफे तातो, नगरपालिकेच्या बागेजवळचे मिस्टर बेकर, मडगावच्या पालिका इमारतीसमोरचे लोंगिन्योस यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या शेजारच्या शिंप्याविषयी, घड्याळजीविषयी किंवा भुसारी दुकानाविषयी मात्र कोणी लिहीत नाही. माझे मत असे की प्रसिद्ध दुकान हे रस्त्याचे एक दार आहे आणि इतिहास पुऱ्या रस्त्याचा लिहिला पाहिजे. दुकाने एकमेकांच्या आधाराने चालतात. चहाचे दुकान कारेरांच्या (प्रवासी बसगाड्यांच्या) थांब्यामुळे, खानावळ कोर्टकचेऱ्यांमुळे आणि भांड्यांचे दुकान लग्नसराईच्या कापडपेठेमुळे तग धरते.

त्यामुळे दोन्ही बाजू मिळून तीस-चाळीस दारांपेक्षा मोठा भाग पहिल्या खेपेला घेऊ नये. मडगावात पिंपळकट्ट्याच्या आसपासचा जुना बाजार किंवा आबाद फारीया रस्त्याचा एखादा तुकडा, म्हापशाच्या मार्केटातली एक रांग, पणजीत चर्चसमोरच्या चौकाची एक बाजू एवढे क्षेत्र पुरेसे आहे. त्याबरोबर एक वर्षही ठरवावे. माझी शिफारस १९६० ची आहे, कारण ते मुक्तीच्या अगदी आधीचे वर्ष आहे, तेव्हाची माणसे अजून सांगायला आहेत आणि म्हापशाच्या मार्केटासारखी ओळखीची बांधकामे त्याच सुमाराची आहेत. ‘१९६० साली या रस्त्यावर दारोदार काय होते’ हा एकच प्रश्न समोर ठेवला की पुढचे काम भरकटत नाही.

दुसरी पायरी: नावांचा जुळणी-तक्ता करावा

मुक्तीनंतर गोव्यातील अनेक रस्त्यांची आणि चौकांची नावे बदलली. पणजीचे आझाद मैदान आधी आफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावाने ओळखले जात असे; नगरपालिकेची बाग गार्सिया द ओर्ताच्या नावाची होती; मडगावात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांची सभा जिथे झाली, ती जागा आज लोहिया मैदान आहे. काही नावे मात्र तशीच टिकली. पणजीचा ३१ जानेवारी रस्ता आजही त्याच नावाने आहे. कागदोपत्री ‘नोव्हा गोवा’ असे दिसले तर ते पणजीच समजावे. एका वहीत तीन रकाने आखून पोर्तुगीज काळातले नाव, आजचे सरकारी नाव आणि लोकांच्या तोंडातले नाव अशी नोंद करावी. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडतो, कारण म्हातारी माणसे पत्ता सांगताना पाटीवरचे नाव कधीच घेत नाहीत. ती ‘तिंट्यावर’ (बाजारचौकात), ‘फेरीच्या धक्क्यासमोर’, ‘टपाल कचेरीच्या मागे’ असेच सांगतात.

माणसांच्या नावांचाही असाच तक्ता लागतो. पोर्तुगीज दप्तरांत आणि जाहिरातींत हिंदू आडनावे त्या भाषेच्या लेखनपद्धतीने लिहिलेली असतात. कामत तिथे ‘कामोतीं’ होतात, प्रभू ‘पोरोबो’ होतात, शेणवी ‘सिनाय’ होतात आणि रोमी लिपीतला ‘एक्स’ बहुधा आपला ‘श’ असतो. हे ठाऊक नसेल तर सूचीत समोर असलेली नोंदही नजरेतून सुटते.

तिसरी पायरी: रस्त्यावरून पायी फिरून इमारती वाचाव्यात

सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी, फळ्या किंवा शटर बंद असताना, प्रत्येक दाराचा समोरून एक फोटो आणि दोन दारे मिळून एक फोटो घ्यावा. दारांना आपले स्वतःचे अनुक्रमांक द्यावेत, कारण पालिकेचे घरक्रमांक वेळोवेळी बदललेले असतात. मग नजर वर न्यावी. खालचा मजला काचेचा आणि अॅल्युमिनियमचा झालेला असतो, पण वरच्या मजल्यावर जुना सज्जा, बिडाचे कठडे, कौलारू छप्पर आणि कधी कपाळपट्टीवर सिमेंटात उठवलेले वर्ष किंवा घराण्याची आद्याक्षरे शाबूत असतात. हे वर्ष इमारतीचे आहे, दुकानाचे नव्हे, हे लक्षात ठेवून नोंद करावी.

पाट्यांवरचे शब्दही बोलतात. ‘फार्मासिया’ म्हणजे औषधालय, ‘तिपोग्राफिया’ म्हणजे छापखाना, ‘पादारिया’ म्हणजे पोदेराची (पाववाल्याची) भट्टी, ‘आल्फायातारिया’ म्हणजे शिंपीकाम. मालकाच्या नावापुढे ‘ई फिल्योस’ असेल तर मुलगे भागीदार झाले होते, ‘इर्मांवस’ असेल तर भावाभावांची पेढी होती आणि ‘सुसेसोरस’ असेल तर मूळ मालकानंतर दुसऱ्यांनी व्यवसाय चालवायला घेतला होता. म्हणजे एका पाटीवरून पिढीबदल कळतो आणि मुलाखतीत नेमका प्रश्न विचारता येतो.

चौथी पायरी: माणसांशी बोलावे

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. यादी वयाच्या उतरत्या क्रमाने करावी आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीकडे सर्वांत आधी जावे. मालकाइतकेच नोकरमाणसांशी बोलणे महत्त्वाचे आहे. गल्ल्यावर बसलेल्याला नफातोटा आठवतो. पण माल कोणत्या होडीतून उतरत असे, गोदामात पावसाळ्यात कोणता माल कुजत असे आणि उधारीच्या वसुलीला कोण जात असे, हे पोती उचललेल्या माणसाला आठवते. घरातल्या बायकांना तर हमखास विचारावे, कारण पुष्कळ दुकानांचा फराळ, मसाले, पापड आणि शिवणकाम माडीवर होत असे आणि पाटीवर त्यांचे नाव कधी आले नाही.

‘कोणत्या साली?’ असे विचारल्यास उत्तर चुकीचे येते, कारण कोणीही वर्षे पाठ करून जगत नाही. त्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचे खुंट ठोकावेत. गोव्यात असे खुंट पुष्कळ आहेत: १९४६ ची लोहियांची सभा, १९५२ चे सेंट झेवियरचे शवप्रदर्शन, ज्या वर्षी पणजीत मांडवी हॉटेल सुरू झाले, १९५४-५५ पासूनची आर्थिक नाकेबंदी, १९६१ ची मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरचा जानेवारी १९६७ चा जनमत कौल, १९७० साली खुला झालेला मांडवीचा पूल, आणि ऑगस्ट १९७३ मधला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा मृत्यू. ‘शेट, पूल नव्हता तेव्हा बेतीच्या फेरीने माल यायचा ना? त्या वेळी दुकान इथेच होते का?’ असे विचारले की उत्तर लगेच आणि बहुधा बरोबर येते. घरगुती खुंटही तितकेच कामाचे आहेत. थोरल्या मुलाचे बारसे, बहिणीचे लग्न, मडगावची दिंडी, जांबावलीचा गुलाल, बोडगेश्वराची जत्रा, मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त यांच्याशी लोक दुकानाच्या आठवणी बांधून ठेवतात.

नाकेबंदीवर वेगळे प्रश्न अवश्य विचारावेत. भारताने सीमेवरून होणारा व्यापार रोखल्यावर गोव्याच्या बाजारातला माल समुद्रमार्गे दूरदेशांहून येऊ लागला. हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा ही त्यांतली लोकांच्या अजून ध्यानात असलेली उदाहरणे. कोणत्या दुकानदाराने या काळात धंदा बदलला, कोणाचे बेळगावशी असलेले लागेबांधे तुटले, आयात मालाचे परवाने कोणाला मिळाले, यांतून रस्त्याचा नकाशा का बदलला हे समजते. तसेच खाणीविषयी विचारावे. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीपासून लोहखनिजाची निर्यात वाढू लागली आणि पन्नाशीत जपानकडे जाणाऱ्या खनिजाने वेग घेतला. ट्रकांचे सुटे भाग, टायर, पेट्रोल पंप आणि ड्रायव्हरांच्या खानावळी ही दुकाने त्या पैशातून आली. त्याआधीच्या पिढीत मुंबईहून आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर कापडाचे आणि सोन्याचे दुकान उभे असे.

संभाषण कोकणीत होऊ द्यावे. लिहिताना आपण मराठीत लिहिणार असलो तरी व्यवसायातले शब्द बोलणाऱ्याच्या तोंडचेच ठेवावेत. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त बसू नये. दुसऱ्या भेटीला जाताना त्याच रस्त्याचा एखादा जुना फोटो बरोबर न्यावा; पहिल्या भेटीत ‘आठवत नाही’ म्हणालेली व्यक्ती फोटोवर बोट ठेवून दारामागून दारे सांगू लागते.

पाचवी पायरी: घरातले कागद पाहावेत आणि त्यांची तारीख ठरवावी

दुकानाच्या पोटमाळ्यावर किंवा घरातल्या जुन्या पेटीत रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तके, दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि मालाचे लाकडी खोके सापडतात. पुष्कळ कागदांवर वर्ष नसते किंवा फसवे असते. पोर्तुगीज काळातल्या छापील पावत्यांवर गावाचे नाव, मग दिवस आणि महिन्यासाठी रिकामी जागा आणि शेवटी ‘१९५’ असे तीनच आकडे छापलेले आढळतात. चौथा आकडा हाताने लिहायचा असे. हा चौथा आकडा शाईने लिहिलेला नीट पाहावा, कारण उरलेली पुस्तके काटकसरीने पुढच्या दशकातही वापरली गेली आणि तिथे छापील ५ खोडून ६ केलेला असतो.

वर्ष अजिबात नसेल तेव्हा चलन पाहावे. १९५८ पर्यंत गोव्यात रुपिया आणि टांगा चालत असे, एका रुपियाचे सोळा टांगे. त्यानंतर इश्कुद आले. एका रुपियाला सहा इश्कुद असा दर होता आणि एका इश्कुदाचे शंभर सेंताव होत. इश्कुदाची रक्कम लिहिताना पूर्णांक आणि सेंताव यांच्यामध्ये डॉलरसारखे चिन्ह येते, त्यामुळे ‘४’ नंतर ते चिन्ह आणि मग ‘५०’ दिसले तर तो अमेरिकेचा पैसा नसून साडेचार इश्कुद आहेत, म्हणजे जुन्या हिशेबाने बारा टांगे. अशी पावती १९५८ नंतरची आणि मुक्तीच्या सुमारापर्यंतची, म्हणजे अवघ्या तीन-चार वर्षांतली ठरते. ‘नये पैसे’ लिहिलेली पावती मुक्तीनंतरची. आणि ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे गळला, हेही ध्यानात ठेवावे.

पत्त्यावरूनही काळ कळतो. ‘गोवा, दमण व दीव’ असा उल्लेख असेल तर कागद मुक्तीनंतरचा आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य होण्यापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. ४०३ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर तो १९७२ नंतरचा, कारण पिनकोडची पद्धतच १५ ऑगस्ट १९७२ पासून आली. दूरध्वनीचा आकडा किती अंकी आहे, तेही टिपून ठेवावे. एकाच रस्त्यावरच्या चार पावत्या जवळ ठेवल्या की कोणती आधीची ते दिसते.

कागद हाताळण्याविषयी काही सूचना कळकळीने करतो. जुन्या वह्यांना कसर लागलेली असते आणि शिवण सुटलेली असते, म्हणून वही पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना उशी किंवा दुमडलेला टॉवेल देऊन अर्धी उघडावी आणि खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून फोटो घ्यावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीही करू नये. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेत हे काम करण्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मूळ कागद मालकाच्या घरातून बाहेर नेऊ नयेत. फोटो तिथेच घ्यावेत आणि त्याची एक प्रत त्यांना द्यावी. वहीत ग्राहकांची उधारी नावानिशी लिहिलेली असते, ती छापू नये. आजोबांची उधारी नातवाच्या गावात जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सहावी पायरी: सार्वजनिक संग्रह

पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झालेले आहे आणि तिथे जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. १९०० साली सुरू झालेले ‘ओ हेराल्दो’ हे त्या वेळचे पोर्तुगीज दैनिक, मुक्तीनंतर १९६२ साली निघालेला ‘गोमंतक’, त्यानंतरचे ‘नवहिंद टाइम्स’ आणि मडगावचे ‘राष्ट्रमत’ यांतल्या जाहिराती पाहाव्यात. पोर्तुगीज येत नाही म्हणून कोणी मागे हटू नये. जाहिरातीतले दुकानाचे नाव, पत्ता आणि मालाची यादी थोड्या सवयीने वाचता येते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत बातम्यांवर सेन्सॉरची कात्री होती, पण साबण, शिलाई मशीन आणि बिस्किटांच्या जाहिरातींना तिने फारसे रोखले नाही; म्हणून त्या काळाचा बाजार बातम्यांपेक्षा जाहिरातींतून अधिक नीट दिसतो. दिवाळी, नाताळ आणि चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आधी चाळावेत, कारण जाहिराती तेव्हा दाटीने येतात.

मराठी वाचकाला याहून सोपे आणि दुर्लक्षित साधन म्हणजे स्मरणिका. देवस्थानांचे उत्सव, शाळांचे रौप्य व सुवर्ण महोत्सव, नाट्यमंडळांचे वार्षिक प्रयोग यांच्या स्मरणिकांत मागच्या पानांवर गावातल्या दुकानदारांच्या शुभेच्छा असतात आणि त्या पानांवरून त्या वर्षी कोणकोण धंद्यात होते याची जवळजवळ पूर्ण यादी मिळते. या पुस्तिका ग्रंथालयापेक्षा देवस्थानाच्या कचेरीत, शाळेच्या कपाटात आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी मिळण्याची शक्यता अधिक.

पुराभिलेख खात्याचा संग्रह, पालिकेची परवान्यांची जुनी दप्तरे आणि नोटरीकडचे भागीदारीचे दस्तऐवज हे त्यानंतर पाहावेत. या ठिकाणी ‘जुन्या दुकानांची माहिती द्या’ असा अर्ज निष्फळ ठरतो. नेमके नाव, त्याची पोर्तुगीज लेखनातील दोन-तीन रूपे आणि अंदाजे वर्ष लिहून नेले तर कर्मचाऱ्यांना मदत करता येते, आणि तेवढी माहिती आधीच्या पायऱ्यांतून हाती आलेली असते.

सातवी पायरी: मतभेद सोडवावेत

आता एकाच दुकानासाठी निरनिराळी वर्षे समोर येतील. समजा, पाटीवर ‘स्थापना १९४२’ आहे, थोरला मुलगा १९४८ म्हणतो, आणि सर्वांत जुनी पावती १९५३ ची आहे. यांतले कोणी खोटे बोलत आहे असे समजू नये. व्यवसायाची सुरुवात, या जागेत येण्याची वेळ, आजच्या घराण्याकडे मालकी येण्याची वेळ आणि इमारत बांधली गेल्याची वेळ ही चार निरनिराळी वर्षे असतात. आजोबांनी १९४२ साली जत्रेत माल मांडला असेल, १९४८ साली गाळा भाड्याने घेतला असेल आणि छापील पावत्या १९५३ पासून सुरू केल्या असतील. चारही रकाने वेगळे ठेवले की बहुतेक भांडणे आपोआप मिटतात.

जी मिटत नाहीत ती तशीच लिहावीत. प्रत्येक विधानापुढे कागदावरून, दोन व्यक्तींच्या सांगण्यावरून किंवा एकाच व्यक्तीच्या सांगण्यावरून अशी खूण करावी. स्वतःची सोय म्हणून मधले वर्ष निवडणे हा या कामातला सर्वांत मोठा अपराध आहे, कारण पुढचा अभ्यासक ते वर्ष खरे मानून त्यावर पुढची इमारत चढवतो.

आठवी पायरी: लिहावे आणि ठेवावे

दारांच्या क्रमाने, एकेका परिच्छेदात लिहावे. नमुना असा: ‘दार ७. १९६० साली कापडाचे दुकान. वर मालकांचे बिऱ्हाड (दोन व्यक्ती). फळ्यांचे दार, आत गादी आणि गज लावलेला लाकडी फळा (फोटो). नाकेबंदीच्या काळात आयात कापड. मुक्तीनंतर पुन्हा मुंबईचा माल (एक व्यक्ती). सर्वांत जुनी पावती इश्कुदातली. आज मोबाइलचे दुकान.’ एवढ्या कोरड्या नोंदीतही रस्ता उभा राहतो आणि तिच्यावर विश्वास ठेवता येतो. आठवणींचा ओलावा, प्रसंग आणि माणसांचे स्वभाव यांना वेगळे प्रकरण द्यावे. नोंदीत मिसळू नयेत. सिनेमागृहे आणि हॉटेले यांनाही हीच पद्धत लावावी. तिथे तिकिटे, मेनूकार्डे आणि हस्तपत्रके हे पावत्यांचे काम करतात.

छापण्यापूर्वी प्रत्येक घराला त्यांचा परिच्छेद वाचून दाखवावा आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती तारखेसह नोंदवावी. दुसऱ्या भेटीत निघालेल्या फोटोंवर माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून घ्यावीत, कारण हे काम नंतर कोणालाच जमत नाही. ध्वनिमुद्रणांच्या आणि फोटोंच्या तीन प्रती कराव्यात: एक आपल्याकडे, एक त्या कुटुंबाकडे आणि एक जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा शाळेकडे. फाइलींना ‘शहर-रस्ता-दार-वर्ष’ या क्रमाने नावे द्यावीत. लेख तयार झाला की गावच्या पुढच्या उत्सवाच्या स्मरणिकेत तो छापायला द्यावा आणि शेवटी, रस्त्यावरील ज्या दारांची माहिती मिळाली नाही त्यांचे क्रमांक स्पष्ट लिहून, ठाऊक असणाऱ्यांनी देवस्थानाच्या कचेरीत कळवावे अशी एक ओळ टाकावी.